समोर गिळायच्या गोळ्या

गोपनीयता हा आरोग्यसेवेचा प्राण आहे. रुग्णाचा आजार ही त्याची खाजगी मालमत्ता असून तिची राखण करणे हे सेवकाचे पहिले कर्तव्य होय, असे मी समुद्रपूर तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या ग्रामपंचायतींत उभा राहून सांगितले आहे. हे सांगायला मी ज्या मोटरसायकलवरून जात असे, तिच्या टाकीवर रोगाचे नाव लाल अक्षरांत, दोन्ही बाजूंनी, लांबून वाचता येईल असे रंगवलेले होते. ती ज्या घरासमोर उभी राही त्या घरात कोणाला काय झाले आहे, हे विचारायला कोणाला आत जावे लागत नसे.

मी क्षयरोगाचा उपचार पर्यवेक्षक होतो. आता निवृत्त झालो असे घरचे म्हणतात. खरे म्हणजे माझा करार वाढवला नाही. माझी नोकरी दरवर्षी संपत असे आणि पुन्हा सुरू होत असे. या वेळी सुरू झाली नाही, एवढेच. निरोपाच्या कार्यक्रमात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एका वक्त्याने मला तालुक्यातल्या क्षयरोगाचा आधारस्तंभ म्हटले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण त्या कोणासाठी आहेत हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

या अंकाच्या संपादकांनी 'सेवेतील कृतार्थ क्षण' या विषयावर लिहायला सांगितले आहे. कृतार्थ क्षण आठवायला बसलो तर समोर येते ते एका घरातले शौचालय. त्याला माझा इलाज नाही.

बाहेरच्या माणसाला माझे काम दोन वाक्यांत सांगता येते. छातीतला बेडका तपासायला द्यायचा, आणि रोग निघाला तर सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. या दोन वाक्यांसाठी सरकारला पूर्णवेळ माणूस का ठेवावा लागतो, हे कळायला मलाही काही वर्षे लागली. पहिली अडचण अशी की लोक डबीत थुंकी देतात. थुंकीत रोग सापडत नाही, तो खोलवरून खोकून काढलेल्या बेडक्यात सापडतो. हा फरक बोलून समजत नाही, करून दाखवावा लागतो. त्यामुळे मी गावोगावी पारावर, शाळेच्या व्हरांड्यात, एकदा तर हरिनाम सप्ताहाच्या मांडवात, छाती भरून श्वास घेऊन, कमरेत वाकून खोकून दाखवले आहे. पुढे पुढे त्यात इतकी सफाई आली की एका गावात प्रात्यक्षिक संपल्यावर एक म्हातारा जवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पयले सोताचं तपासून घ्या."

दुसरी अडचण गोळ्यांची. दीडदोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, अंगावर मांस येते. मग माणसाला वाटते, आजार गेला तर गोळ्या कशाला? आजार गेलेला नसतो, नुसता दबा धरून बसलेला असतो, आणि औषध अर्धवट सोडले तर पुढच्या खेपेला तो त्या औषधाला जुमानत नाही. म्हणून नियम असा की गोळ्या रोज कोणाच्या तरी समोर गिळायच्या. तो कोणीतरी गावातला, विश्वासातला. बहुतेक वेळा आशाताई. आणि आशाताई नीट बघते की नाही, हे बघायला मी. दुसऱ्यांना गिळताना बघणाऱ्यांना बघणे, असा माझा व्यवसाय होता. सोयरिकीच्या बैठकीत तो सांगताना आमच्या घरच्यांना फार त्रास होई. ते 'आरोग्य खात्यात आहेत' एवढ्यावर थांबत.

सुरुवातीला मी सेलूकडे होतो. तिथे सायकल दुरुस्त करणारा एक माणूस माझ्याकडे होता. गोड बोलायचा, गोळ्या बिनबोभाट घ्यायचा. मुलीचे लग्न निघाले, घर पाहुण्यांनी भरले, आणि पाहुण्यांपुढे गोळ्या कशा काढायच्या म्हणून त्याने लग्नापुरत्या बंद केल्या. लग्नानंतर मांडवपरतणी आली, मग पहिली दिवाळी आली, जावई येत राहिले. मी रोज दुकानात जाऊन बसे, तो मला चहा पाजे आणि उद्यापासून सुरू करतो म्हणे. पुढल्या उन्हाळ्यात मी त्याच्या तेरवीला गेलो. पंगतीत शेजारचा माणूस म्हणाला की दमा फार वाईट. मी मान डोलावली. गोपनीयता.

हे मध्येच सांगितले, कारण पुढच्या गोष्टीत मी एवढा का घाबरत होतो ते कळावे.

गिरडच्या रस्त्याला एक गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही, आणि माणसांची नावे बदलली आहेत. तिथल्या आशाताई म्हणजे मंदाताई. बोलण्यात फटकळ, कामाला वाघीण, आणि माझ्या भाषणांच्या वेळी हमखास स्वेटर विणायला घेणारी बाई. तिच्या गल्लीत वैशाली नावाची नवी सून आली होती. माहेर तळेगाव श्यामजी पंतचे. राखीला माहेरी गेली तेव्हा खोकला थांबेना म्हणून तिकडेच तपासणी झाली, रोग निघाला, आणि राहायला आमच्या तालुक्यात म्हणून तिची केस माझ्याकडे आली. मी मोटरसायकल गावाबाहेर लावून चालत मंदाताईच्या घरी गेलो. वैशालीने मला बसूही दिले नाही.

"भाऊ, माह्या सासरी कळलं तं मले परत धाडतीन. आन धाडलं तं मी एकही गोळी घेईन नाई. हे आधीच सांगून ठेवतो."

तिची भीती उगाच नव्हती. पोरगी बारीक दिसते म्हणून तिची सोयरीक आधी दोन ठिकाणी मोडली होती. तिसऱ्या ठिकाणी जुळली, तर आता हे. मी तिला नेहमीचे सांगितले: हा आजार कोणालाही होतो, लाजण्यासारखे काही नाही, पूर्ण बरा होतो. तिने विचारले की लाजण्यासारखे नाही तर तुम्ही गाडी गावाबाहेर काऊन लावली. मंदाताईने स्वेटर तोंडापुढे धरले.

व्यवस्था अशी ठरली की वैशाली रोज सकाळी मंदाताईकडे शिलाई मशीन शिकायला येईल आणि तिथेच गोळ्या घेईल. मंदाताईने पहिल्याच दिवशी बजावले की सहा महिने शिकून एक ब्लाउज दाखवता आला नाही तर सासूला संशय येईल, तेव्हा शिकावेही लागेल. गोळ्या समोर गिळायच्या या नियमातून काजबटणापर्यंत प्रगती झाल्याचे हे माझ्या माहितीतले एकमेव उदाहरण.

आता दुसरा नियम. एका घरात एक रुग्ण निघाला की घरातल्या बाकीच्यांना तपासायचे. एकाच घरात डबी घेऊन जावे तर गुपित फुटते, म्हणून मी सगळ्या गल्लीची तपासणी लावली. ही युक्ती मला सुचली याचा मला फार अभिमान वाटला. वैशालीही संशय नको म्हणून रांगेत उभी राहिली. तिचा नवरा प्रशांत हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला, तो त्या दिवशी घरी नव्हता. सासू शकुंतलाबाई मात्र होत्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या, नवरा गेल्यावर शेत आणि पोरगा एकटीने सांभाळलेल्या. त्यांनी माझे खोकण्याचे प्रात्यक्षिक नीट पाहिले आणि मी शिकवले तसे, तंतोतंत केले. तालुक्यात माझ्या कलेचे चीज करणारी ती पहिली बाई. त्यांच्या बेडक्यात रोग निघाला.

उपकेंद्रात एका बाजूला घेऊन मी त्यांना सांगितले. त्यांनी आधी दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सुनेले कळू देऊ नका, भाऊ. कालची आली ते. तिच्या माहेरचे गाडी करून येतीन आन पोरगी घेऊन जातीन. माह्या पोराचा संसार मोडन." मग, माझ्याकडे न बघता, "तिले तं नाई ना झालं माह्यापासून?"

मी सांगितले की तिची तपासणी झाली आहे. हे खरे होते. माझ्या नोकरीत खरे बोलण्याची सवय फार जपून वापरावी लागे.

शकुंतलाबाईंना बीपी निघाला असे घरी जाहीर झाले, आणि त्या रोज बीपीच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात येऊ लागल्या. बीपी आणि शुगर हे आमच्याकडे घरंदाज आजार आहेत. ते झाले की माणूस ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगतो, आणि शेजारी आपला आकडा सांगतो. टीबी मात्र शेजारच्या गावात असतो.

तर आता एका घरात दोन बायका, एकच आजार, एकच औषध, आणि दोघींनी मला एकमेकींना न सांगण्याची शपथ घातलेली. मंदाताई म्हणाली की दोघींना समोरासमोर बसवून सांगून टाका, पाच मिनिटांचे काम आहे. मी तिला गोपनीयतेवर बराच वेळ समजावले. तिने स्वेटरची एक बाही पूर्ण केली.

इथे त्या औषधाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यात एक घटक असा आहे की त्याने लघवीला केशरी रंग येतो, थेट झेंडूसारखा. अपाय काही नसतो. प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी सांगायचे, नाहीतर तो घाबरून गोळ्या बंद करतो. मी दोघींना सांगितले. दोघी घाबरल्या नाहीत. दोघींनी एकच विचार केला, की हा रंग दुसरीला दिसता कामा नये.

त्यांच्या घरी योजनेतून बांधलेले शौचालय होते, आत पांढरे स्वच्छ भांडे. नळ सकाळी तासभर येई आणि त्यावर दिवसभराचे ड्रम भरत. वैशाली गेली की दोन बादल्या ओती. शकुंतलाबाई गेल्या की तीन. कुठे पिवळे राहिले असेल तर दोघींना ते आपलेच वाटे, आणि त्या पुन्हा जाऊन ओतत. प्रशांत पाळी संपवून घरी यायचा तेव्हा ड्रमच्या तळाशी लोटाभर पाणी असे. त्याने ग्रामपंचायतीत जाऊन तक्रार केली की आमच्या गल्लीला पाणी कमी सुटते. सरपंचाने माणूस पाठवून व्हॉल्व्ह बदलला. पाणी वाढले. तेही ओतले गेले.

अशातच नानासाहेबांना सेवेची इच्छा झाली. रुग्णांना दर महिन्याला पोषणाचा शिधा देणाऱ्या दात्यांची एक योजना आहे. चांगली आहे, डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ घरी जातात आणि माणसाच्या अंगी लागतात. नानासाहेब आमच्या भागातले मोठे प्रस्थ. त्यांनी पंचक्रोशीतले सगळे रुग्ण दत्तक घेतले, आणि मग दत्तक घेतलेल्यांचे तोंड बघायची त्यांना घाई झाली. मंडप, ध्वनिक्षेपक, सत्कार, आणि प्रत्येक रुग्णाला मंचावर बोलावून पिशवी देतानाचा फोटो. मी फोन करून विनवले की फोटो नको. ते म्हणाले, फोटोशिवाय समाजाला प्रेरणा कशी मिळणार? वैशालीने मंदाताईजवळ निरोप पाठवला की माझे नाव पुकारले तर त्याच दिवसापासून गोळ्या बंद. शकुंतलाबाईंनीही तोच निरोप पाठवला. फक्त त्यांच्या निरोपात नानासाहेबांच्या आजोबांचाही उल्लेख होता.

माझ्या डोळ्यांपुढे ते सेलूचे सायकलचे दुकान आले. तेव्हा मी ठरवले की रुग्ण आपण पुरवायचे. सगळ्यांना मास्क लावायचे; मास्कच्या आत कोण आहे ते कोण बघतो? आमचा चालक, सफाई कामगार, मंदाताईचा नवरा आणि मी असे रांगेत बसलो. प्रकृतीने मी त्या भूमिकेला सगळ्यांत योग्य होतो. माझी पाळी आली तेव्हा नानासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका, आम्ही आहोत." आणि छायाचित्रकार म्हणाला, "काका, मास्क जरा खाली घ्या, चेहरा येऊ द्या." मंचावर, पाहुण्यांसमोर, मी तो खाली घेतला.

फोटो स्थानिक पेपरात आला. खाली मजकूर: दुर्धर आजाराशी झुंज देणारे ज्येष्ठ रुग्ण. दुसऱ्या दिवशी आर्वीहून मावसभावाचा फोन आला. तो रडत होता. समुद्रपूरला माझ्या नेहमीच्या टपरीवाल्याने, जो मला काचेच्या ग्लासात चहा देई, त्या दिवशी कागदी कपात दिला आणि पैसे टेबलावर ठेवायला सांगितले. आयुष्यभर लोकांना 'यात लाजण्यासारखे काही नाही' असे सांगत आलेला मी महिनाभर बाजारात तोंडाला रुमाल बांधून फिरलो. घरी बायकोने नुसते विचारले, "तुम्ही सांगता ना, कोणालाही होतो म्हणून?" मी म्हणालो, मला झालेला नाही. ती म्हणाली, तेच तर सगळे म्हणतात.

पिशव्या मात्र संध्याकाळी मंदाताईकडे पोचल्या आणि तिथून दोन वेगवेगळ्या निमित्तांनी एकाच घरात गेल्या.

आणि मग प्रशांतला कावीळ झाली.

म्हणजे झाली नव्हती, त्याने ठरवली. बादल्या कितीही ओतल्या तरी रोजच्या रोज किती धुणार? एका सकाळी त्याने भांड्यात तो रंग पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्याने विचार केला, आणि त्याच्या विचारात तसे बघता चूक काढता येत नाही. घरात माणसे तीन. बायको ठणठणीत, रोज शिवण शिकते. आईला फक्त बीपी. उरला तो. तो कोणाला न सांगता गिरडच्याच रस्त्यावर काविळीचे औषध देणाऱ्या एका बाबांकडे गेला. त्यांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, मान हलवली, आणि मुळ्यांचे मणी ओवलेली माळ डोक्यावर ठेवली. ही माळ रोज थोडी थोडी सैल होत खाली उतरते, आणि ती उतरेल तशी कावीळ उतरते असा समज आहे. शिवाय पथ्य: तेल बंद, मीठ बंद, हळद बंद, भाकर आणि ताक.

जिनिंगची पाळी करणारा तरुण माणूस ताकभाकरीवर किती दिवस निघणार? प्रशांत वाळू लागला. गालफडे बसली. जिनिंगमधल्या कापसाच्या तंतूंनी खोकला त्याला आधीच होता, तो आता घरातल्या दोघींना ऐकू येऊ लागला.

एका सकाळी मी मंदाताईकडे गेलो तर वैशाली मशीनवर डोके ठेवून बसली होती. "भाऊ, ह्यायले माह्याकून लागलं," ती म्हणाली. "त्यायची तपासणी करा. निघालं तं मी सोताच सांगतो घरी, आन सोताच जातो तळेगावले. कोणी धाडाची गरज नाई."

त्याच दिवशी दुपारी शकुंतलाबाई उपकेंद्रात आल्या. बसल्या नाहीत. "माह्यानं त्याले दिलं," म्हणाल्या. "सांगाची तं मले हिंमत होत नाई, तुमीच सांगा त्याले. पोरगं वाचलं पायजे. मंग सून राहो का जावो."

या दोन वाक्यांच्या मध्ये मी उभा होतो. एका वाक्यात सगळे मिटले असते, पण ते वाक्य माझे नव्हते. अर्धे एकीचे होते, अर्धे दुसरीचे. आणि समजा प्रशांतला खरेच झाले असेल तर? रंग त्याचा नव्हता हे मला ठाऊक होते, खोकला कोणाचा होता ते ठाऊक नव्हते.

मी जिनिंगवर जाऊन, कामगारांची छाती तपासतो आहे असे सांगून प्रशांतला गाठले. बेडका घेतला, मग एक्सरेला नेले. माळ तोवर गळ्यापर्यंत उतरली होती. तंत्रज्ञ म्हणाला माळ काढा. प्रशांत म्हणाला, मध्येच काढली तर कावीळ परत चढते. शेवटी माळेसकट एक्सरे निघाला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि गळ्याभोवतीच्या पुसट ठिपक्यांवर बोट ठेवून विचारले की हे काय. मी म्हणालो, दुसरी उपचारपद्धती. फुप्फुसे स्वच्छ दिसत होती, पण बेडक्याचा निकाल यायचा होता. मी डॉक्टरांना काविळीसाठीही रक्त बघायला लावले. कावीळ नव्हतीच. प्रशांत शांतपणे म्हणाला, "साहेब, कागदाचं काय घेऊन बसले. मी डोयानं पाह्यलं."

निकाल येईपर्यंत वैशालीने घरच्या भाकरीला हात लावला नाही, आणि शकुंतलाबाई शेतातून सांजेआधीच परतून दारात बसत, असे मंदाताईने कळवले. निकाल आल्यावर कोणाला कसे सांगायचे याची मी बारकाईने आखणी केली. वैशालीला सकाळी मंदाताईकडे. शकुंतलाबाईंना दुपारी उपकेंद्रात. दोघींसाठी दोन वेगवेगळी भाषणे तयार केली. दुसऱ्यात थोडे अध्यात्मही घातले होते.

निकाल आला. काही नव्हते. मी गाडी काढली, आणि त्या दिवशी ती गावाबाहेर लावायची विसरलो. सरळ मंदाताईच्या दारात थांबलो. आत वैशाली मशीनपाशी, एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या तळहातावर गोळ्या. मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "तुझ्या नवऱ्याला टीबी नाही. एकदम साफ आहे."

स्वयंपाकघरात भांडे पडले. दुपारपर्यंत दम न निघाल्याने शकुंतलाबाई सकाळीच मंदाताईकडे विचारायला आल्या होत्या, आणि वैशाली येताना दिसली म्हणून मंदाताईने त्यांना आत बसवले होते. त्या पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "साफ हाय ना? नक्की?" आणि मग त्यांची नजर सुनेच्या तळहातावर गेली.

मंदाताईने विणकाम थांबवले.

"माह्या गोळ्या तुह्याजवळ काऊन?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"आई, ह्या माह्या आहेत."

शकुंतलाबाई खाली बसल्या. सुनेकडे बघत राहिल्या. मी खिशातल्या दोन भाषणांपैकी कोणते काढावे याचा विचार करत होतो.

"किती घेतं?" त्यांनी विचारले.

"तीन."

"मले चार देतात." मग माझ्याकडे वळून, "हिले एक कमी काऊन, भाऊ?"

मी सांगितले की गोळ्या वजनावर ठरतात. त्या यावर म्हणाल्या की हे लोकांसमोर सांगायची गरज नव्हती. वैशालीला हसू आले, आणि हसता हसता ती रडायला लागली. शकुंतलाबाईंनी तिच्या हातातला गडवा घेऊन तिच्या तोंडाला लावला. "गीळ आधी. रडजो मंग."

तिने गिळल्या. मी समोर होतो, पण बघायचे राहून गेले.

नंतर, चहा झाल्यावर, शकुंतलाबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. कोणाचे कोणाला लागले, हे तुमच्या मशीनीत निघते का? मी सांगितले की आमच्या मशीनमध्ये ते निघत नाही. "मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "निघत असतं तं घरात राहाणं झालं नसतं." वैशालीने खालच्या आवाजात विचारले की ह्यांना सांगायचे का. सासूने क्षणाचाही विचार केला नाही.

"त्याले काय सांगाचं? त्याले कावीळ हाय."

त्या दिवसापासून दोघी शिवण शिकू लागल्या. शकुंतलाबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्या नुसत्या शेजारी बसून सुनेच्या गळ्याखालून गोळी उतरेपर्यंत बघत, आणि मग सून त्यांचे बघे. माझ्या अनुभवात एवढी कडक देखरेख कुठल्याही सरकारी माणसाने केलेली नाही. मी जाई तेव्हा मला चहा मिळे आणि काम काही नसे. वैशालीचा कोर्स आधी संपला, सासूचा मागून. दोघींच्या शेवटच्या तपासण्या स्वच्छ आल्या. मी त्यांना सांगितले की आता तरी गावात चार लोकांना सांगा, म्हणजे इतरांची भीती जाईल. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि मला विचारले की तुमच्याच फोटोनंतर टपरीवाला काचेच्या ग्लासात द्यायला लागला का. मी विषय बदलला. पुढच्या महिन्यापासून माझा करारही नव्हता, तेव्हा तालुक्यातल्या भीतीची जबाबदारी तशीही माझी राहिली नाही.

शेवटची गोळी संपल्यावर चारदोन दिवसांत शौचालयातला रंग गेला. ड्रम भरलेले राहू लागले. प्रशांत तेल खायला लागला, भरला, आणि पायापर्यंत उतरलेली माळ त्याने नदीत सोडली. मग नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन तो त्या बाबांकडे गेला. बरोबर आई आणि बायको होत्या. दोघींनी नमस्कार केला आणि काही बोलल्या नाहीत. प्रशांत मात्र बोलला. जिनिंगमध्ये प्रत्येक पाळीत बोलला. हिंगणघाटपासून समुद्रपूरपर्यंत, सहा महिन्यांची जुनी कावीळ उतरवणारा माणूस म्हणून त्या बाबांचे नाव झाले.

मागच्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला कावीळ झाली. मी त्याला ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्त तपासायला सांगितले. त्यावर माझी बायको, जिने मला इतकी वर्षे आरोग्य खात्यात जाताना पाहिले आहे, मला फक्त एवढेच म्हणाली की ते गिरडच्या रस्त्यावरचे बाबा कोणत्या दिवशी बसतात, तेवढे सांगा.

गुरुवारी आणि रविवारी बसतात.